आरएक्स-८ ला ट्रकच्या कॉइल बसवल्या, ११ महिने आणि ९ हजार किलोमीटरनंतरचा रिव्ह्यू

भावांनो, हा रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितोय. किट बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले "लई भारी" वाले रिव्ह्यू वाचून मी स्वतः एकदा फसलोय. जुनी मेलेली कॉइल (प्लगला ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज देणारा पार्ट) काढून कुठलीही नवीन घातली तरी पहिल्या दिवशी गाडी भारीच पळते हो, खरं काय ते एक उन्हाळा आणि एक कोल्हापूरचा पावसाळा काढल्यावर कळतं.

गाडी माझी माझदा आरएक्स-८, २००४ चं मॉडेल, सहा गियरची मॅन्युअल. कॉइल किट घातलं तेव्हा मीटरवर १,४६,००० होते, आता १,५५,००० च्या वर गेलेत. माझदानं आपल्याकडं कधी शोरूमच उघडली नाही त्यामुळं जी काही चार-दोन आरएक्स-८ देशात आहेत ती बाहेरून आणलेली, आणि पार्ट पाहिजे तर दुबई नाहीतर जपान, म्हणजे ऑर्डर टाकायची, कस्टम भरायचं आणि वाट बघायची. कोल्हापुरात नुसतं "आरएक्स" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यासमोर यामाहा आरएक्स १०० येते, पेट्रोल पंपावर मला आजपण "आरएक्स कुठली, कितीचं मॉडेल" असं बाईक समजूनच विचारतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही आरएक्सला तेल पेट्रोलबरोबर जाळायची सवय आहे, त्याबद्दल पुढं येतो.

आधी लक्षणं सांगतो कारण मी ती ओळखायला दोन महिने लावले. सुरुवात झाली ॲव्हरेजपासून. शहरात सातच्या आसपास देणारी गाडी साडेपाचवर आली, मला वाटलं पेट्रोलचा फरक, आता सगळीकडं ई२० आहे आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद कमी असते त्यामुळं थोडं पडणारच (ते इथेनॉल आपल्याच उसाचं, म्हणून त्यावर राग तरी कसा काढायचा). मग गरम इंजिन परत स्टार्ट करताना जास्त वेळ फिरवायला लागायला लागलं. मग पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या पुढच्या चढाला सहा हजार आरपीएमच्या वर गाडी अडखळली, म्हणजे कुणीतरी मागून शर्ट ओढावा तशी, आणि चेक इंजिनचा दिवा पेटून न राहता लुकलुकायला लागला. पेटलेला दिवा म्हणजे घरी जाऊन बघ, लुकलुकणारा दिवा म्हणजे पाय आत्ता काढ. स्कॅनरला कोड आला पी०३०२, म्हणजे मागच्या रोटरचा मिसफायर, म्हणजे तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही (रोटर म्हणजे ह्या इंजिनात पिस्टनच्या जागी फिरतो तो भाग, पुढं सांगतो).

आता ह्या गाडीच्या कॉइल एवढ्या लवकर का मरतात ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि मी हे उद्यमनगरातल्या (कोल्हापुरातली वर्कशॉपची वस्ती) आमच्या मामांना समजावून सांगता सांगताच नीट शिकलो. मामा म्हणजे ज्यांच्याकडं मी गाडी नेतो ते मिस्त्री, आयुष्य शेतीच्या ऑइल इंजिनात गेलेलं, रोटरी इंजिन त्यांनी माझ्याच गाडीत पहिल्यांदा बघितलं. म्हणाले, "पिस्टनच न्हाई म्हणतोयस, मग आत दाबतंय काय?" तर आत दोन तिकोनी रोटर आहेत, भुईमुगाच्या शेंगेसारख्या मधे किंचित दबलेल्या पोकळीत फिरणारे. रोटरला तीन बाजू, आणि रोटर एकदा फिरला की मधला शाफ्ट तीनदा फिरतो. त्यामुळं शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा जाळतो. आपल्या नेहमीच्या चार स्ट्रोक पिस्टन इंजिनात एक प्लग दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे त्याच आरपीएमला रोटरीच्या कॉइलला बरोबर दुप्पट काम. ही गाडी ९००० पर्यंत फिरते, तिथं एकेक प्लग मिनिटाला ९००० वेळा, सेकंदाला १५० वेळा ठिणगी टाकतो, आणि दोन ठिणग्यांच्या मधे कॉइलला चार्ज व्हायला आणि रिकामं व्हायला सगळं मिळून सात मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत. वर त्या चारही कॉइल इंजिनाला चिकटून बसवलेल्या, खालून भट्टी. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ही कॉइल न्हवं, हा ब्रेक लायनर हाय. झिजनार म्हनूनच धरायचं." ह्यापेक्षा चांगल्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही.

माझदानं स्वतः ह्या कॉइलमध्ये पुढं सुधारणा केल्या, एन३एच१-१८-१०० ह्या पार्ट नंबरच्या मागं ए, बी, सी अशी अक्षरं लागत गेली. जुन्या मालकांचा हिशोब साधारण ५० हजार किलोमीटरला कॉइल, प्लग आणि वायर सगळं एकदम बदलायचं असा आहे आणि माझ्या अनुभवात तो बरोबर निघाला.

मी मात्र पहिली चूक केली ती स्वस्ताची. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून चार कॉइल घेतल्या, बॉक्स हुबेहूब, अक्षर "सी" पण छापलेलं, किंमत ओरिजिनलच्या तिसऱ्या भागाएवढी. नाव घेत नाही. चार महिने चालल्या, आणि मेल्या त्यासुद्धा एकदम मेल्या नाहीत, हळूहळू मेल्या, तेच वाईट. कारण मिसफायर झाला की न जळलेलं पेट्रोल आणि हवा तशीच सायलेन्सरकडं जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं जळते. कॅट लाल होतो, आतली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी वितळते आणि रस्ता तुंबतो. आता रोटरीचा एग्झॉस्ट आधीच पिस्टनपेक्षा गरम, आणि आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एग्झॉस्टची तोंडं बाजूच्या लोखंडी प्लेटांत आहेत, त्यामुळं ती अडकलेली उष्णता थेट साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या बाजूला दाब धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर बसते. सील गेली की कॉम्प्रेशन गेलं, कॉम्प्रेशन गेलं की इंजिन उघडायचं, आणि हे इंजिन उघडणारा माणूस तुम्हाला पुण्या-मुंबईत पण शोधायला लागतो. म्हणजे साखळी बघा, काही हजारांची कॉइल, तिच्यामुळं कॅट, कॅटमुळं इंजिन. माझा कॅट गेला, इंजिन वाचलं, ते पण मी वेळेत गाडी उभी केली म्हणून. खराब कॉइलवर "अजून एक महिना चालवू" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे हात जोडून सांगायचंय.

तर मग किट. जे घेतलं ते अमेरिकेतल्या एका छोट्या दुकानानं जुळवलेलं आहे, कॉइल डी५८५, म्हणजे जनरल मोटर्सच्या मोठ्या व्ही८ ट्रकांत येतात त्या, मागं ॲल्युमिनियमच्या पंख्यांचा हीटसिंक असलेल्या. हातात घेतली की वजनातच कळतं, ओरिजिनलपेक्षा चांगलीच जड. चार कॉइल, एक ब्रॅकेट, चार जाड प्लग वायर, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, ज्यात रिले आणि फ्यूज घालून बॅटरीवरून थेट करंट घेतलाय. मला कस्टम धरून ६८ हजारांच्या आसपास पडलं. त्या वेळी ओरिजिनल चार कॉइल आणि वायर मिळून चाळीसच्या आत बसत होतं, हा आकडा डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

चांगलं काय ते आधी. हार्नेस एक नंबर. वीस वर्षांच्या गाडीत जुन्या वायरिंगमधून कॉइलपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, माझ्या गाडीत जुन्या कनेक्टरला मोजलं तर इंजिन चालू असताना बॅटरीपेक्षा जवळजवळ एक व्होल्ट कमी होतं. कॉइलला व्होल्टेज कमी मिळालं की तेवढ्याच वेळात ती कमी भरते आणि ठिणगी पिचकते. रिलेवरून थेट दिल्यावर ते दुखणं संपलं. खरं सांगायचं तर ह्या किटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कॉइल नाही, ही वायर आहे. कनेक्टर पक्के, रबरी सील व्यवस्थित, पावसाळ्यात एकदाही पाण्याचा त्रास नाही, आणि आपला पावसाळा कसा असतो ते मी कोल्हापूरकरांना सांगायला नको.

वाईट काय तर ब्रॅकेट. दोन भोकं सरळ सरळ तीन मिलिमीटर इकडं तिकडं, आणि पत्रा पातळ. जड कॉइल आणि पातळ पत्रा म्हणजे थरथर, आणि थरथर म्हणजे एक दिवस वायर तुटणार. एवढे पैसे घेऊन ब्रॅकेट असं देणं मला पटलं नाही. पण इथं कोल्हापूरचा फायदा झाला. मामांनी ते ब्रॅकेट हातात धरून वाकवून बघितलं, बाजूला ठेवलं, पुठ्ठ्यावर माप काढलं आणि दोन गल्ल्या सोडून लेझर कटिंगवाल्याकडं पाठवलं. ॲल्युमिनियमची पाच मिलिमीटरची प्लेट, भोकं मापात, कॉइल इंजिनापासून थोड्या उचललेल्या म्हणजे खालून हवा जाईल, संध्याकाळपर्यंत पावडर कोटिंगसकट तयार, खर्च दोन हजारांच्या आत. म्हादबा मेस्त्रींचं (कोल्हापूरचे जुने नावाजलेले कारागीर) गाव आहे हे, इथं लोखंडाला आणि पत्र्याला नाही म्हणणारं कुणी भेटत नाही. किटवाल्या ब्रॅकेटला दहापैकी दोन मार्क, मामांच्या ब्रॅकेटला दहा. वरचं प्लास्टिकचं इंजिन कव्हर मात्र आता बसत नाही, ते घरी माळ्यावर आहे.

दुसरी तक्रार लेबलांची. चार वायरींवर कुठली कुठं ते कागदी स्टिकर लावून पाठवलेत, इंजिनाच्या गरमीनं ते महिन्यात गळून पडले. रोटरीत हे महत्त्वाचं आहे कारण प्रत्येक रोटरला दोन प्लग, खालचा लीडिंग आणि वरचा ट्रेलिंग, दोघांची वेळ वेगळी, प्लग पण वेगळे. वायर अदलाबदल झाली तर गाडी चालू होईलही पण नीट चालणार नाही, आणि चुकीच्या वेळी पडलेली ठिणगी इंजिनाला घातकच. आम्ही पहिल्याच दिवशी वायरींना रंगीत हीट श्रिंक चढवला, लाल लीडिंग, निळा ट्रेलिंग. तुम्ही पण हेच करा, स्टिकरवर विसंबू नका.

प्लग त्याच वेळी बदलले, बदलायलाच पाहिजेत, नवीन कॉइल आणि जुना प्लग म्हणजे नवीन पंप जुन्या गळक्या पाइपला. लीडिंगला एनजीके आरई७सी-एल, ट्रेलिंगला आरई९बी-टी. एनजीकेच्या आकड्यात ७ गरम आणि ९ थंड, त्यामुळं जागा चुकवायची नाही. प्लगला हात घालायला डावं पुढचं चाक काढून तिकडून जायचं, सगळ्यात सोपं, वरून खटपट करू नका. गार इंजिनावर, आधी नुसत्या बोटानं धागा पकडू द्यायचा, मग पाना. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधले आटे गेले तर काय होतं ते मी दुसऱ्याच्या गाडीत बघितलंय, बघवत नाही.

आता फरक. गाडी पहिल्या सेल्फला उठते, गरम असताना पण. आयडल ८०० च्या आसपास सुईसारखं थांबतं, आधी सिग्नलला उभं राहिलं की सीट हलायची ते बंद. शहरात ॲव्हरेज परत सातला आलं, हायवेला कागल-निपाणी-बेळगाव एका वेगानं गेलो तर साडेनऊ बघितलं. तिसऱ्या गियरला ३००० ते ६५०० जायला आधी ९.४ सेकंद लागायचे, ओबीडीच्या (गाडीच्या सॉकेटला लावायचा स्कॅनर) लॉगमध्ये आता ८.१ येतात, तोच रस्ता, पहाटेची तीच वेळ. आणि वरच्या आरपीएमला आवाज एकसंध झालाय, साडेआठ हजारापर्यंत कुठं तुटत नाही, ह्या इंजिनाची सगळी ताकदच वर असल्यामुळं तिथं ते सलग खेचणं म्हणजे ही गाडी घेण्याचं कारण आहे, मला तरी.

पण हा सगळा फरक किटचा आहे असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ह्यातला मोठा भाग फक्त "मेलेल्या कॉइल गेल्या आणि चांगल्या आल्या" एवढ्याचाच आहे, नवीन ओरिजिनल घातल्या असत्या तरी बहुतेक हेच दिसलं असतं. शिवाय कॉइल किती वेळ भरायची हे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, त्या वेळेला ड्वेल म्हणतात, आणि कंपनीच्या ईसीयूत तो वेळ छोट्या ओरिजिनल कॉइलच्या हिशोबानं बसवलेला आहे. ट्रकची मोठी कॉइल पूर्ण भरायला जास्त वेळ मागते. म्हणजे ईसीयू ट्यून केल्याशिवाय ह्या कॉइलची पूर्ण ताकद निघत नाही, आणि ट्यून करताना कुणी हौसेनं ड्वेल जास्त वाढवला तर कॉइल तापणार, वर आरपीएमला सात मिलिसेकंदाच्या आतच खेळ आहे हे विसरायचं नाही. माझा ईसीयू अजून कंपनीचाच आहे. मग मी पैसे कशासाठी दिले? टिकण्यासाठी. मी गाडी घाटात चालवतो, गगनबावड्याला जातो, आंब्याला जातो, एप्रिल-मे मध्ये पण, आणि मोठी कॉइल अर्ध्या ताकदीवर चालते म्हणजे ती गार राहते. ९ हजार किलोमीटरनंतर चारही कॉइल स्पार्क टेस्टरवर सारख्याच दिसतात, पांढरी-निळी, खणखणीत. मल्टिमीटर लावून कॉइल तपासू नका बरं का, आत इग्नायटर असल्यामुळं त्या रीडिंगवरून काहीच ठरत नाही, माझे त्यात दोन रविवार गेले.

कॉम्प्रेशनचं पण सांगतो कारण जास्त पळालेली गाडी घेणारे सगळे हेच विचारतात. साधा पिस्टनवाला टेस्टर लावला तर तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगलीचं रीडिंग दाखवतो आणि खराब बाजू लपते, रोटरीचा वेगळा टेस्टर लागतो जो तिन्ही आकडे वेगळे देतो. माझदाच्या पुस्तकात २५० आरपीएमला ८.५ (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) नवीन इंजिनाचं आणि ६.९ म्हणजे शेवटची रेघ. पुण्याच्या एका मित्राचा टेस्टर आणून बघितलं, माझे पुढच्या रोटरचे ७.६, ७.५, ७.६ आणि मागच्याचे ७.३, ७.२, ७.४. म्हातारं आहे पण तब्येतीत आहे. कॉइलच्या आधी कॉम्प्रेशन बघा, ६.९ च्या खाली असेल तर कुठलंही किट घालून उपयोग नाही, ते पैसे इंजिनासाठी ठेवा.

बाकी सांभाळणं असं. हे इंजिन सीलला वंगण म्हणून स्वतःचं इंजिन ऑइल थोडं थोडं जाळतं, ही खराबी नाही, तसंच बनवलंय, म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. नुसत्या "दर पाच हजारला सर्व्हिस" वर राहिलात तर मधेच कोरडे पडाल. त्याशिवाय मी पेट्रोलमध्ये टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल घालतो, ४० लिटरला २०० मिली, कमी राखेचं, डब्यावर जासो एफडी लिहिलेलं. मापाची बाटली डिकीत असते आणि पंपावरची पोरं बघायला जमतात, आरएक्स १०० वाले काका लोक मात्र बघताक्षणी ओळखतात आणि हसून मान हलवतात. ऑइल ५ हजारला, पेट्रोल ९५ ऑक्टेनचं. गार असताना साडेतीन-चार हजाराच्या वर न्यायची नाही, गरम झाल्यावर मात्र दिवसातून एकदा तरी वर फिरवायची, नाहीतर कार्बन बसतो, ही गाडी हळू चालवून सांभाळली जात नाही.

आणि एक, गाडी पार्किंगमधून दोन फूट पुढं घ्यायची म्हणून चालू करून लगेच बंद करायची नाही. पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात आणि मग सेल्फ मारत बसायचं. तसं झालंच तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, त्यानं पेट्रोल बंद होतं आणि आतलं बाहेर पडतं. घरच्यांना चावी देताना हे सांगून द्या, माझ्या भावानं गाडी धुवायला बाहेर काढली तेव्हा हेच झालं होतं. डॅशवरच्या टेंपरेचरच्या काट्यावर पण विश्वास नको, तो मधे बसला की बऱ्याच मोठ्या फरकाला हलतच नाही आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आठशे रुपयाचा ब्लूटूथ ओबीडी घ्या आणि मोबाइलवर खरा आकडा बघा, मी १०५ च्या वर गेलं की थांबतो. लोखंडी प्लेट आणि ॲल्युमिनियम हाउसिंग एकमेकांवर रचून बोल्टनं आवळलेलं इंजिन आहे, एकदा उकळलं की मधली कूलंटची सील जाते. शेताकडेला गाडी लावत असाल तर उंदरांचं पण बघा, ऊसतोडीच्या वेळी आमच्या कॉलनीत तीन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या, नवीन हार्नेसवर मी म्हणूनच जाड जाळीचं कव्हर चढवलंय.

तर घ्यावं का? गाडी रविवारची असेल, वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर, घाट कमी, तर सरळ ओरिजिनल कॉइल घ्या, खात्रीच्या ठिकाणाहून, आणि बॅटरीवरून रिले टाकून जाड वायर इथंच कुणाकडून तरी करून घ्या, वरचे पैसे वाचतील त्यात प्लग येतात. गाडी दाबून चालवत असाल, पुढं ईसीयू ट्यून करायचा विचार असेल, तर हे किट घ्या, पण ब्रॅकेट फेकून द्यायचं ठरवूनच. माझ्याकडून किटला पाचपैकी साडेतीन. ब्रॅकेट नीट असतं तर साडेचार दिले असते.

मामांच्या ब्रॅकेटचा पुठ्ठा मी जपून ठेवलाय. कुणाला माप पाहिजे असेल तर खाली लिहा, फोटो टाकतो, आणि दिवाळीनंतर परत कॉम्प्रेशन घेणार आहे, ते आकडे पण इथंच टाकीन.